अधिक मास

प्राध्यापकाचा धंदा हा बव्हंशी टक्क्यांचा धंदा आहे. बाहेरच्या जगाचा समज असा, की आम्ही विद्या देतो. वर्षभर आम्ही काय दिले असेल ते असो. वर्षाअखेर जे देतो ते टक्केच असतात, आणि विद्यार्थ्यांच्या स्मरणात राहते तेही तेवढेच. तीस वर्षे हा व्यवहार केल्यामुळे काही आकड्यांशी माझा घरोबा झाला आहे. साठ टक्क्यांना एक प्रकारचे तेज असते. पंचाहत्तर टक्के थोडे गर्विष्ठ वाटतात. चाळीस टक्के हा आकडा मात्र मला नेहमीच करुण वाटत आला. चाळीस म्हणजे कसाबसा उत्तीर्ण. एकोणचाळिसांवर अडलेल्या मुलाचा बाप दारात येऊन उभा राहिला, म्हणजे शेक्सपिअर शिकवणाऱ्यालाही एका गुणात केवढे नाट्य असते ते कळू लागते. परंतु हाच आकडा एका अगदी वेगळ्या परीक्षेतही उत्तीर्णतेचा आकडा आहे, आणि त्या परीक्षेला एका अतिशय हुशार मुलाला त्याची आई धडधडत्या छातीने घेऊन जाते, हे मला माझ्या नातवामुळे कळले.

हा माझ्या मुलीचा मुलगा. वय वर्षे नऊ, इयत्ता चौथी. अक्षरओळख त्याला कोणी करून दिली नाही. तिसऱ्या वर्षी भिंतीवरच्या 'कालनिर्णया'शी त्याची मैत्री जडली आणि तीतूनच त्याचे वाचन सुरू झाले. आज तुम्ही त्याला आपली जन्मतारीख सांगितलीत, तर तो त्या दिवसाचा वार सांगेल, आणि तुम्ही थक्क झालात की नाही हे पाहण्यासाठी मान वर करण्याची तसदीही घेणार नाही. पुण्याहून सुटणाऱ्या बऱ्याचशा गाड्यांची स्थानके त्याला क्रमाने पाठ आहेत. घरी पाहुणे येतात, गाल धरतात, 'ओळखलंस का मला?' असे लाडाने विचारतात, आणि तो 'नाही' असे खरे उत्तर देतो. शाळेतल्या बाईंनी एकदा त्याला 'तोंड सांभाळ' असे बजावले, तेव्हा तो तास संपेपर्यंत दोन्ही तळहातांनी तोंड धरून बसला होता. बाईंना तो उद्धटपणा वाटला. वास्तविक त्या दिवशी वर्गात त्यांची आज्ञा तंतोतंत पाळणारा तो एकटाच होता.

या अवस्थेला मराठीत 'स्वमग्नता' असे नाव आहे. शब्द मोठा सुरेख; एखाद्या भावकवीला बहाल करावा इतका सुरेख. ग्रीक भाषेत 'ऑटोस' म्हणजे स्वतः. त्यावरून ब्लॉयलर या स्विस मनोवैद्याने विसाव्या शतकाच्या आरंभी 'ऑटिझम' ही संज्ञा घडवली, ती एका निराळ्याच मनोविकाराच्या संदर्भात. पुढे १९४३ साली अमेरिकेत बॉल्टिमोर येथे लिओ कॅनर यांनी अकरा मुलांची हकीकत प्रसिद्ध केली, तेव्हापासून हे नाव या मुलांना चिकटले. भाषेच्या मास्तराला मात्र या नावाविषयी एक तक्रार नोंदवावीशी वाटते. आमचा नातू 'स्व'मध्ये मग्न आहे असे मला कधी दिसले नाही. तो जगातच मग्न असतो. मात्र जगाच्या त्या भागात, जो आगाऊ सूचना दिल्याशिवाय बदलत नाही. रविवारनंतर सोमवार येतो. पुण्यानंतर शिवाजीनगर येते. माणसे मात्र सकाळी हसतात, दुपारी रागावतात, आणि रागावलेली नसताना रागावल्यासारखे बोलतात. त्यांचे वेळापत्रक अद्याप कोणी छापलेले नाही.

कॅनर यांच्यानंतर एका वर्षाने, १९४४ साली, व्हिएन्नातील हान्स आस्परगर यांनी अशाच काही मुलांचे वर्णन केले. ही मुले आपल्या आवडत्या विषयावर इतक्या अधिकारवाणीने आणि इतके अखंड बोलत, की त्यांनी त्यांना 'छोटे प्राध्यापक' म्हटले. ही हकीकत मी घरी वाचून दाखवली, तेव्हा सौभाग्यवतींनी माझ्याकडे एकवार, नातवाकडे एकवार पाहिले आणि 'थोरल्या प्राध्यापकांवर कोणी लिहिलंय का?' एवढेच विचारले.

हा विनोद येथेच थांबवणे बरे, कारण त्याच्यामागे एक काळी सावली आहे. नाझी राजवटीतील आस्परगर यांच्या वर्तनावर एका ऑस्ट्रियन इतिहासकाराने २०१८ साली कागदपत्रांनिशी प्रकाश टाकला. ज्यांच्यात कर्तृत्वाची आशा दिसली त्या मुलांची बाजू घेणाऱ्या या वैद्याने, ज्यांच्यात ती दिसली नाही अशा काही मुलांना श्पीगेलग्रुंट येथील संस्थेत पाठवण्याची शिफारस केली होती. आणि त्या संस्थेत अपंग बालकांना मारून टाकण्यात येत असे. हुशारी ही माणसाच्या जगण्याची अट ठरली म्हणजे काय होते, याचा याहून भीषण दाखला मला ठाऊक नाही. त्याच १९४४ साली आपल्या मुंबईत एका पारशी दांपत्याने आपल्या मुलीच्या निमित्ताने बौद्धिक अपंगत्व असलेल्या मुलांसाठी शाळा काढली. 'जय वकील' या नावाने ती आजही चालू आहे. एकाच वर्षी जगाच्या दोन टोकांना मुलांकडे पाहण्याच्या दोन दृष्टी अशा शेजारी उभ्या असाव्यात, हा योगायोग मला विसरता येत नाही.

आता आमच्या अडचणीकडे वळतो. मंद मुलाची अडचण लोकांना दिसते. आंधळ्याची काठी दिसते. हुशार मुलाची अडचण मात्र कोणालाच दिसत नाही, कारण त्याची हुशारीच तिच्यापुढे उभी असते. नातू ज्या शाळेत पहिल्यांदा गेला तेथे वर्गात साठ मुले. घंटा झाली की तो कान दाबून बाकाखाली शिरे. गणिताच्या तासाला अवचित चित्रकला आली, की त्याचे रडणे अर्धा तास थांबत नसे. उत्तर तोंडी विचारले तर बाईंच्या आधी तयार; तेच लिहायला सांगितले तर चार ओळींना वीस मिनिटे. मुख्याध्यापक सज्जन गृहस्थ होते. ते मला म्हणाले, "सर, मुलगा हुशार आहे हो, पण हट्टी आहे. घरी जरा वळण लावा." पुढे हा सूर बदलला आणि 'दुसरी एखादी शाळा पाहिलीत तर त्याच्याच हिताचे होईल' येथपर्यंत आला. तेव्हा मुलगी त्याला घेऊन एका विशेष शाळेत गेली. तेथल्या बाईंच्या टेबलावर वर्तमानपत्र होते. ते नातवाने उलट बाजूने घडाघडा वाचले. बाई कौतुकाने म्हणाल्या, "अहो, हा तर पेपर वाचतो! याला आमच्याकडे कशाला आणलंत?"

एका दाराशी 'याला मदत लागते, म्हणून येथे नको', आणि दुसऱ्या दाराशी 'हा हुशार आहे, म्हणून येथे नको.' या दोन दारांच्या मधल्या बोळात माझ्या मुलीने दीड वर्ष काढले. त्या बोळात सल्ला देणारे मात्र पुष्कळ भेटतात. आई नोकरी करते म्हणून असे झाले. मोबाईल हातात दिला म्हणून झाले. एकुलता एक म्हणून झाले. आईला आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करण्याची ही हौस केवळ आपल्याकडचीच आहे असे नव्हे. अमेरिकेत ब्रूनो बेटेलहाइम यांनी १९६७ साली एक जाडजूड ग्रंथ लिहून या अवस्थेचे खापर आईबापांच्या, विशेषतः आईच्या, थंड अंतःकरणावर फोडले. आणि त्यापूर्वीच, १९६४ साली, बर्नार्ड रिमलंड या मानसशास्त्रज्ञाने, जो स्वतः अशाच एका मुलाचा बाप होता, ही जन्मजात जैविक अवस्था आहे, आईच्या मायेचा तीत काही दोष नाही, असे साधार प्रतिपादन केले होते. शास्त्राने कौल रिमलंड यांच्या बाजूने दिला. चाळीतल्या आणि सोसायटीतल्या न्यायालयांत मात्र बेटेलहाइम यांचा खटला अजून चालूच आहे.

कायदा काय म्हणतो, हे शोधण्याचे काम घरात माझ्याकडे आले. कारण पुस्तके चाळण्यापलीकडे माझा उपयोग नाही, हे सर्वमान्य आहे. शोध घेता असे दिसले, की कायदा समाजाच्या मानाने बराच सुशिक्षित आहे. १९९५ सालच्या अपंगांसाठीच्या कायद्यात सात प्रकार मोजले होते. त्यांत स्वमग्नतेचे नावही नव्हते. १९९९ सालच्या राष्ट्रीय न्यासाच्या कायद्यात ते प्रथम आले. २०१६ सालच्या दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांच्या कायद्याने सातांचे एकवीस प्रकार केले आणि त्यांत या अवस्थेला स्वतंत्र स्थान दिले. शासकीय अथवा मान्यताप्राप्त शाळेने अशा मुलाला भेदभाव न करता प्रवेश द्यावा, इतर मुलांबरोबर शिकवावे, आणि त्याच्या गरजेप्रमाणे वाजवी सोयी कराव्यात, असे हा कायदा सांगतो. २०२१ साली सर्वोच्च न्यायालयाने तर प्राथमिक वर्गांत अशा दहा मुलांमागे एक आणि वरच्या वर्गांत पंधरा मुलांमागे एक विशेष शिक्षक, असे प्रमाण सांगितले. हे सारे वाचून मला फार आनंद झाला. आनंदाच्या भरात मी ते मुलीला वाचून दाखवले. ती शांतपणे म्हणाली, "बाबा, हे सगळं आहे. पण यातलं बरंचसं मिळायला आधी चाळीस टक्के मिळाले पाहिजेत."

ते चाळीस टक्के असे. अठरा वर्षांपर्यंत विनामूल्य शिक्षणाचा हक्क हवा, तर किमान चाळीस टक्के अपंगत्वाचा दाखला लागतो. स्वमग्नता मोजण्यासाठी आपल्या देशात एक मापनश्रेणी तयार केलेली आहे. तीत चाळीस बाबी असतात. मूल नजरेला नजर देते का, एकटे राहते का, बदल सोसते का, तेच तेच शब्द उच्चारते का. आणि प्रत्येक बाबीला एकापासून पाचापर्यंत गुण. अर्थात कमीत कमी चाळीस, जास्तीत जास्त दोनशे. सत्तर गुण झाले की चाळीस टक्क्यांचा उंबरठा गाठला. येथे जितके गुण अधिक तितकी अडचण अधिक. म्हणून जी आई आजवर भेटेल त्याला मुलाचे उत्तम तेवढे सांगत आली, तिला त्या खोलीत बसून त्याचे वाईट तेवढे आठवून आठवून सांगावे लागते. कमी सांगितले तर दाखला हुकतो. जास्त सांगावे, तर मुलगा शेजारीच बसलेला असतो.

आमचा नातू शेजारीच बसला होता. प्रश्न विचारणाऱ्या बाई तरुण आणि मायाळू होत्या; घाई नव्हती, आवाज हळुवार होता. मुलगी एकेका प्रश्नाचे उत्तर देत होती. दोन वर्षांपूर्वीच्या लग्नात काय झाले, आजारपणात काय झाले, रात्री किती वेळा उठतो. तिचा आवाज हळूहळू बारीक होत चालला. नातू छताच्या पंख्याकडे पाहत होता, असे आम्हांला वाटले. शेवटचा प्रश्न संपला, बाईंनी लेखणी उचलली, आणि त्या बेरीज करू लागणार तोच तो म्हणाला, "पंच्याऐंशी." टेबलापलीकडून उलटे आकडे वाचून त्याने त्यांची बेरीज करून ठेवली होती. बाईंनी ताळा करून पाहिला. पंच्याऐंशीच होते.

आपल्या उणिवांची बेरीज बिनचूक करणारा हा परीक्षार्थी उत्तीर्ण झाला. रिक्षातून घरी येताना मुलगी खिडकीबाहेर पाहत एकसारखी बोलत होती. या आठवड्यात त्याने काय काय चांगले केले, शेजारच्या आजींना औषधाची वेळ कशी आठवण करून दिली, कुत्र्याच्या पिलाला कसे पाणी ठेवले. सकाळी जे जे सांगितले होते त्याची ती कुठे तरी भरपाई करीत होती. मी ऐकत राहिलो.

त्या कचेरीच्या बाहेर बाकावर आणखी एक आई बसली होती. तिचा मुलगा बारा वर्षांचा, एकही शब्द न बोलणारा. तिने माझ्या मुलीला विचारले, "तुमचा बोलतो?" "बोलतो," मुलगी म्हणाली. "मग नशीबवान आहात ताई." या दोन वाक्यांनी माझ्या मनात बराच काळ ठाण मांडले आहे. 'पण हुशार आहे हो' हे वाक्य आमच्या घराचे प्रवेशपत्र होऊन बसले होते. मुलाला जागा मिळवून देण्यासाठी कोणतीही आई तेच पुढे करील, आणि तिने ते करावेच. परंतु ज्या समाजात हेच एक प्रवेशपत्र चालते, तेथे त्या बाकावरच्या मुलाने काय दाखवावे? व्हिएन्नाचा इतिहास वाचल्यावर या प्रश्नाचे उत्तर पुढे ढकलण्याची सोय उरत नाही. नातवाला शाळेत जागा हवी, ती तो वार सांगतो म्हणून नव्हे. त्या दुसऱ्या मुलाला हवी त्याच कारणाने हवी, की तोही एक मूल आहे.

'हुशार आहे, मग जादा वेळ कशाला?' हा प्रश्न मला माझ्याच एका विद्वान स्नेह्यांनी केला. केंद्र सरकारच्या २०१८ सालच्या सूचनांनी अशा परीक्षार्थीला तासामागे किमान वीस मिनिटे अधिक देऊ केली. हा इतरांवर अन्याय नव्हे काय, असे त्यांचे म्हणणे. मी उत्तरादाखल त्यांना नातवाच्या आवडत्या पुस्तकाकडे, म्हणजे भिंतीवरच्या पंचांगाकडे, नेले. चंद्राचे वर्ष सुमारे ३५४ दिवसांचे, सूर्याचे सुमारे ३६५ दिवसांचे. दोघेही आपापल्या गतीने चालतात, दोघांपैकी एकही चुकत नाही. तरी वर्षाला अकरा दिवसांचे अंतर पडते. ते तसेच साचू दिले असते, तर दिवाळी केव्हाच भर पावसाळ्यात आली असती. आपल्या पूर्वजांनी चंद्राला 'जरा वळण लाव' असे सांगितले नाही, की सूर्याला दटावले नाही. साडेबत्तीस महिन्यांच्या आसपास एक महिना अधिक धरला आणि दोघांना पुन्हा एका ओळीत आणले. २०२० साली आश्विन, २०२३ साली श्रावण, २०२६ साली ज्येष्ठ. ही यादी नातू तुम्हांला पुढेही नेऊन देईल. आणि यात खरी गंमत अशी, की या दोघांत आपले वर्ष आधी पुरे करतो तो चंद्र. जो मागे रेंगाळतो त्याच्या नव्हे, तर जो पुढे धावतो त्याच्याच पंचांगात हा महिना घालावा लागतो! हुशार मुलाला मदत कशाला, याचे उत्तर आमच्या घराघरांत खिळ्याला टांगलेले आहे.

या महिन्याला आपण धोंड्याचा महिना म्हणतो आणि जावयाला तेहेतीस अनारसे देतो. सौभाग्यवतींनी ते ताटात मांडले, तेव्हा नातवाने हरकत घेतली, की महिने साडेबत्तीस, तर अनारसे तेहेतीस का? "अर्धा अनारसा जावयाला कसा द्यायचा रे?" त्या म्हणाल्या. हे उत्तर त्याला पटले. माझी समजूत अशी, की 'वाजवी सोय' या कायद्यातल्या शब्दाची इतकी सुटसुटीत व्याख्या न्यायमूर्तींनाही सुचली नसती.

गेल्या वर्षी त्याला एका लहानशा मराठी शाळेत प्रवेश मिळाला. मुलीने जाताना जाडजूड धारिका बरोबर नेली होती; एका बाजूला स्पर्धांची प्रशस्तिपत्रे, दुसऱ्या बाजूला अपंगत्वाचा दाखला. मुख्याध्यापिकाबाईंनी ती उघडली नाही. तो किती हुशार आहे हे त्यांनी विचारले नाही आणि त्याला काय येत नाही हेही विचारले नाही. "त्याला भीती कशाची वाटते?" एवढेच विचारले. घंटेची, असे कळल्यावर त्यांनी पहिल्या आठवड्यात त्याला शिपायाच्या शेजारी उभे केले आणि टोल त्याच्याच हाती दिला. आपण स्वतः केलेल्या आवाजाने माणूस दचकत नाही. वेळापत्रकात बदल असला तर तो आदल्या दिवशी फळ्यावर लिहिला जातो. त्याचा फायदा इतर मुलांनाही होतो असे वर्गशिक्षिका सांगतात. विशेष शिक्षिका आठवड्यातून दोनच दिवस येतात. लिहिणे अजून हळूच आहे. मधल्या सुट्टीत तो बहुधा एकटाच असतो; अलीकडे एक मुलगा त्याच्याजवळ येऊन आपल्या नातेवाइकांच्या जन्मतारखा सांगत बसतो, आणि दोघांचेही समाधान होते.

पाचवीचा वर्ग मात्र दुसऱ्या इमारतीत आहे आणि तेथे मुख्याध्यापक वेगळे आहेत. मुलीने धारिका पुन्हा काढून ठेवली आहे. नातवाने त्याविषयी मला दोनच प्रश्न विचारले : तेथली घंटा किती वाजता होते, आणि ती कोण वाजवतो. मला ठाऊक नव्हते. सोमवारी महाविद्यालयाला सुट्टी आहे. त्या दिवशी स्वतः जाऊन विचारून येणार आहे.